आधी पाणी, मग नाव

जबलपूर शहरात लक्ष्मणराव गणवीरांच्या कॉम्प्युटरइतका म्हातारा कॉम्प्युटर दुसरा नव्हता. सकाळी बटण दाबावं, आंघोळीला जावं, कपडे वाळत घालावे, समोरच्या कुसुमबाईंकडून पेपर आणावा, त्यातल्या मेलेल्या लोकांच्या बातम्या वाचाव्या, तेव्हा कुठं पडद्यावर उजाडायचं. त्याचा पंखा असा घरघरायचा की भिंतीवरची पाल एका उन्हाळ्यात बिऱ्हाड उचलून शेजारी गेली. हे कुसुमबाई शपथेवर सांगत, कारण ती त्यांच्याकडेच गेली होती.

मुलगा गुणवंत कॉलेजात होता तेव्हा हा कॉम्प्युटर घेतलेला. धूळ बसू नये म्हणून भीमाबाईंनी त्याला लोकरीचं टोपडं विणलं होतं, निळं, वर गोंडा. पुढं गुणवंत पुण्याला नोकरीला लागला, भीमाबाई गेल्या, आणि घरात उरले लक्ष्मणराव, टोपडं घातलेला कॉम्प्युटर आणि एक कान. उजवा कान कधीचाच गेला होता. डाव्याबद्दल डॉक्टर म्हणाले होते की हाही निघायच्या तयारीत आहे, काय ऐकायचं असेल ते ऐकून घ्या.

लक्ष्मणरावांना एकच ऐकायचं होतं. बायकोचा आवाज.

भीमाबाईंच्या आवाजाच्या गोष्टी सांगायला बसलं तर रात्र पुरायची नाही. त्या जात्यावर डाळ भरडायला बसल्या की गल्लीतून जाणारा रिक्षावाला ओवी संपेपर्यंत पायडल मारत नसे, आणि सवारीही तक्रार करत नसे. एकदा म्हणे नर्मदेवरच्या तिलवाऱ्याच्या पुलावर त्या गायल्या तर खालच्या नावाड्यानं वल्ही उचलून धरली आणि नाव वाहत वाहत पार कुठल्या कुठं गेली. नावाडी अजून परत यायचा आहे असं लक्ष्मणराव सांगत. पण आवाज खरोखर मोठा होता, एवढं खरं. गुणवंतानं शाळेत असताना टेपरेकॉर्डरवर आईच्या ओव्या भरून घेतल्या होत्या, मागून ओवी झेलायला कुसुमबाई होत्या. ती एकच कॅसेट. आई गेल्यावर त्यानं ती पुण्याला नेली, कॉम्प्युटरात उतरवून घेतली, आणि उतरवता उतरवता जुनी फीत तुटली ती तुटलीच.

आता तो आवाज जगात एकाच जागी होता. गुणवंताच्या वेबसाईटवर.

विदर्भातून जबलपुरात येऊन राहिलेल्या आपल्या बौद्ध घरांमधल्या आयाबायांची गाणी, फोटो, आठवणी असं सगळं त्यानं त्या साईटवर मांडायला घेतलं होतं. नोकरी सांभाळून, सुट्टीच्या दिवशी, एकट्यानं. आईच्या वर्षाच्या पुण्यानुमोदनाला तो घरी आला तेव्हा ते काम अर्धं झालं होतं. भंतेजी जेवून गेले, पाहुणे पांगले, आणि बापलेक चटईवर बसले. तिथंच वाद झाला.

गुणवंत समजावत होता, की इंटरनेटवर आपण फिरतो ते एका वाहनातून फिरतो, त्याचं नाव ब्राउझर. हा ब्राउझर कुठल्याही साईटच्या दारात गेला की पहिल्यांदा आपलं नाव सांगतो. मी अमुक, माझं वय तमुक. साईटनं मनात आणलं तर नाव ऐकून ठरवता येतं, याला आत घ्यायचं का नाही. त्यानं स्वतः तशी सोय केली होती. जुन्या ब्राउझरांना दारातूनच हात जोडायचे.

"काहून?" लक्ष्मणरावांनी विचारलं.

"सगळं फुटतं ना बाबा त्यांच्यात. मराठी अक्षरांचे चौकोन होतात. फोटो एकीकडं, नाव दुसरीकडं. आईचं पान असं फाटकं दिसलेलं मला नाही चालणार."

बोलणं खोटं नव्हतं. पोरगं आईपायीच करून राहिलं होतं, हे लक्ष्मणरावांना दिसत होतं. पण त्यांची नजर उंबऱ्याकडं गेली. उंबऱ्याच्या आत, डाव्या हाताला, भीमाबाईंचा पाण्याचा रांजण अजून होता. त्यावर झाकणी, झाकणीवर पितळी पेला. दारात कुणी का येईना, पोस्टमन, मीटर बघणारा, चुकलेला माणूस, त्याच्या हातात आधी पेला जाई. कोण, कुठला, कुणाकडं आला, हे सगळं पाणी पिऊन झाल्यावर. एकदा एका चोरालाही पाणी मिळालं होतं असं लक्ष्मणराव सांगत. तो पाणी पिऊन इतका ओशाळला की कुसुमबाईंचं कुलूप उघडून द्यायचं काम फुकट करून गेला. किल्ली हरवली होती त्यांची.

"तुही माय दारात कोणाले नाव विचारे का?" ते म्हणाले.

"बाबा, हे मशीन आहे. माणूस थोडाच आहे."

"मशीनमागं माणूसच बसला असते ना. त्याले नाव नको विचारू. त्याले विचार, बाबा, तुले काय काय येते? फोटो दिसते? नाही? राहू दे. ऐकू येते? मग ऐकून जा. जेवढं झेपते तेवढं घे."

गुणवंत म्हणाला, तसं करता येतं, करणारे करतातही. पण त्यात प्रत्येक गोष्ट दोन-दोनदा करावी लागते. मी एकटा आहे. आणि असे जुने येऊन येऊन येणार किती? मग बापाची समजूत घालावी म्हणून त्यानं गंमत सांगितली. "आणि नावं तरी कुठं खरी असतात? पहिल्या पहिल्यांदा एकाच ब्राउझरचं नाव सगळीकडं चालायचं. बाकीच्यांना कुणी चांगलं पान द्यायचंच नाही. मग दुसऱ्यानं काय केलं, आपल्या नावाआधी त्याचं नाव लावलं. तिसऱ्यानं दोघांचं लावलं. आजपर्यंत सगळे त्या पहिल्याचंच आडनाव लावून फिरतात."

हे ऐकून लक्ष्मणराव जे हसायला लागले ते थांबेनात. डोळ्यांना पाणी आलं. "म्हणजे सारे पाटणकर," ते म्हणाले. "सारेच्या सारे पाटणकर."

पाटणकरांची गोष्ट घरात सगळ्यांना पाठ होती. लक्ष्मणराव नागपूरला सरकारी कचेरीत कारकून होते. छप्पन सालच्या ऑक्टोबरात त्यांनी धर्म बदलला, आणि पंधरवडा जातो न जातो तोच सरकारनं राज्य बदललं. नागपूर तिकडं मुंबई राज्यात गेलं, जबलपूर इकडं मध्य प्रदेशात राहिलं, आणि कचेरीच्या कपाटांबरोबर लक्ष्मणरावही जबलपुरात येऊन पडले. नवी नवरी सोबत. खोली शोधत बड्या फुहाऱ्याच्या चौकामागच्या गल्लीत बापूसाहेबांच्या दारात उभे राहिले. बापूसाहेबांचे पूर्वज भोसल्यांच्या चाकरीत इथं आलेले, घर मराठी, माणूस सोवळा. खोली रिकामी आहे म्हणाले, मराठी माणूस भेटला म्हणून आनंदही झाला. मग विचारलं, आडनाव काय?

त्याआधी चार दारांतून आडनाव सांगून लक्ष्मणराव परत आले होते. तेवढ्यात रस्त्यावरून जवळच्या पाटन गावाची बस गेली. तिच्या कपाळावरची पाटी वाचून ते म्हणाले, "पाटणकर."

इथून पुढची गोष्ट ते रंगवून सांगत. बापूसाहेबांना वंशावळींचा नाद. त्यांनी विचारलं, कुठले पाटणकर? लक्ष्मणराव म्हणाले, आम्ही लहानपणीच पोरके. झालं, बापूसाहेबांनी पोरक्या पोराचं कूळ शोधायचं मनावर घेतलं. पत्रं धाडली, पोथ्या काढल्या, आणि खणत खणत असा एक घोडेस्वार पणजोबा शोधून काढला की ज्यानं म्हणे एका हातानं तोफ उचलली होती. "इतका चांगला पणजोबा निघाला," लक्ष्मणराव सांगत, "की मलेच सोडवेना."

लोक हसत. भीमाबाई हसत नसत. त्या आत निघून जात.

कारण त्या खोलीत त्या गायल्या नव्हत्या. जात्यावरच्या त्यांच्या ओव्यांमध्ये बाबासाहेबांचं नाव यायचं, दीक्षाभूमी यायची, आणि आवाज तर असा की चार गल्ल्यांना कळावं. पाटणकरांच्या बायकोला ती गाणी म्हणता येत नव्हती. बापूसाहेबांच्या बायकोनं एकदा विचारलंही, तुम्हाला एखादं गाणं येत नाही का हो? त्या म्हणाल्या, नाही येत. पुढं सरकारी क्वार्टर मिळालं. त्या दिवशी भीमाबाई स्वतः फुहाऱ्यावर गेल्या, ल. म. गणवीर अशी पाटी रंगवून आणली, दारावर ठोकली, खाली जातं मांडलं आणि डाळ नसताना रिकामंच जातं फिरवत गायल्या. मग नवऱ्याला म्हणाल्या, आता पुन्हा कोणाच्या दारात दुसरं नाव सांगू नका. झाडाखाली राहू.

बापूसाहेब एकदा क्वार्टरपुढून सायकलनं गेले. पाटी वाचली. सायकल थांबली नाही. त्या घोडेस्वाराचं त्यांनी पुढं काय केलं कोण जाणे.

गुणवंत पुण्याला परतला. महिन्याभरानं त्याचा फोन आला, बाबा, आईचं पान तयार झालं, बघा. लक्ष्मणरावांनी आंघोळ केली, धुतलेला सदरा घातला, टोपडं काढलं, बटण दाबलं आणि दोन्ही स्पीकर डाव्या कानाकडं वळवून बसले. पान आलं. पांढऱ्या पडद्यावर सुबक अक्षरांत लिहिलं होतं: आपला ब्राउझर जुना आहे. कृपया नवा ब्राउझर घेऊन पुन्हा यावे. धन्यवाद.

ही अक्षरं मात्र फुटली नव्हती. जुन्या ब्राउझरांनाही वाचता यावीत म्हणून गुणवंतानं त्या मजकुराचं चित्र करून लावलं होतं. आत काय आहे ते दिसो न दिसो, नकार सगळ्यांना नीट दिसावा याची त्यानं काळजी घेतली होती.

फोन वाजला. गुणवंत विचारत होता, "ऐकलं का बाबा?" आणि विचारता विचारता रडू लागला. आई गेली त्या दिवशीसुद्धा हे पोरगं लोकांसमोर रडलं नव्हतं. आता याला सांगायचं, की तू आईसाठी घर बांधलं आणि बापालाच दारातून हाकललं?

"ऐकलं," लक्ष्मणराव म्हणाले. "छान आहे रे. समोर बसून गाते असं वाटलं."

आयुष्यात त्यांनी हजार थापा मारल्या असतील, तोफ उचलणाऱ्या पणजोबापासून वाहून गेलेल्या नावाड्यापर्यंत. त्यातली एकही अंगाला चिकटली नव्हती. ही चिकटली. एकदा ऐकलं म्हटल्यावर, नाही ऐकलं कसं म्हणणार?

नवा ब्राउझर त्या म्हाताऱ्या यंत्रात शिरेना. मग त्यांनी फुहाऱ्यावरून भैयालालला बोलावलं. भैयालाल कॉम्प्युटर दुरुस्त करायचा आणि तिथंच त्याचं इंटरनेटचं दुकानही होतं. त्यानं टोपडं बघून हात जोडले, मग खुर्चीवर बसून इकडं तिकडं दाबलं आणि हसला.

"बाबूजी, इसमें क्या है? साइट नाम ही तो पूछ रही है। मैं इसका नाम बदल देता हूँ। बोलेगा, मैं नया वाला हूँ। अंदर चला जाएगा।"

"झूठ बोलेगा?" लक्ष्मणरावांनी विचारलं.

"सभी बोलते हैं।"

एका बोटाचं काम होतं. भैयालालचं बोट बटणावर टेकलेलं, आणि लक्ष्मणरावांचे डोळे स्पीकरवर. बटण दाबलं की भीमी गाणार. त्यांनी त्याचं बोट हलकेच बाजूला केलं. मग म्हणाले, "राहू द्या, भैयालालजी. नाव खोटं सांगितलेल्या घरात ती कधी गायली नाही."

भैयालालला यातलं काही कळलं नाही. पण माणूस भला. म्हणाला, तर मग दुकानात या, तिथं नवीन मशीन आहे, खरं नाव, खरं वय, बसा आणि ऐका. लक्ष्मणराव गेलेही. फळ्यांच्या खुराड्यात भाड्याची खुर्ची, शेजारच्या खुराड्यात कुणी पडद्यावर बंदुका चालवत होतं. पान उघडलं. भीमाबाईंचा फोटो वर आला, नीट, कुठंही न फुटता, कपाळावर पदर. कानाला लावायचं यंत्र त्यांनी हातात घेतलं, बघितलं, आणि परत खुंटीला टांगलं. भाड्याच्या खोलीत ती वर्षानुवर्षं गप्प बसली होती. आता मेल्यावर तिला भाड्याच्या खुराड्यात गायला लावायचं?

घरी ऐकू, ते स्वतःला म्हणाले. आपल्या घरात, आपल्या नावानं. गुणवंत येईलच की बुद्धपौर्णिमेला. कान अजून आहे.

तोपर्यंत रोज सकाळी ते साईटच्या दारात जाऊन उभे राहत. न जाणो, पोराला सुचलं असेल, दार उघडलं असेल. पांढरा पडदा हात जोडून त्यांना परत पाठवी. कुसुमबाईंनी एकदा पाहिलं आणि म्हणाल्या, "भाऊजी, एक फोन करा ना पोराले. एवढं काय त्यात?" एवढं काहीच नव्हतं त्यात. एक फोन, आणि काम झालं असतं. पण काही माणसांना अख्ख्या गावाशी बोलता येतं आणि घरातल्या एकाशी एक वाक्य बोलता येत नाही. लक्ष्मणराव म्हणाले, "येऊन राहिला ना तो. येऊ द्या."

फेब्रुवारीत त्यांना ताप आला. आठवडाभर अंग तव्यासारखं तापलं, कुसुमबाईंनी पेज पाजली, डॉक्टरनं सुया टोचल्या. मग ताप उतरला, आणि उतरताना डावा कान घेऊन गेला.

पहिल्यांदा त्यांना वाटलं कॉम्प्युटरचा पंखा बिघडला. बटण दाबलं तर घरघर नाही. हात लावला तर पंखा फिरत होता.

त्यानंतर फोनवर लक्ष्मणराव फार बोलायला लागले. घंटी ऐकू यायची नाही, कुसुमबाई येऊन खूण करत. मग ते फोन उचलत आणि सुरू होत. पाल परत आली, रिक्षावाल्याचं लग्न ठरलं, नर्मदेत मगर दिसली आणि ती मराठी बोलत होती. गुणवंताला मधे शब्द घालू देत नसत. बोलणाऱ्याला ऐकावं लागत नाही. पोटभर बोलून झालं की "चलो, ठेवतो" म्हणत आणि ठेवून देत. पुण्यात गुणवंताला वाटे, बाबा सावरले.

बुद्धपौर्णिमेच्या आदल्या दिवशी तो आला. दार उघडंच होतं. त्यानं हाक मारली, लक्ष्मणराव खिडकीकडं तोंड करून तांदूळ निवडत होते, ते वळले नाहीत. त्यानं पुन्हा हाक मारली. मग तो समोर जाऊन उभा राहिला तेव्हा ते दचकले, हसले आणि रांजणाकडं बोट करून फार मोठ्यानं म्हणाले, "आधी पाणी पी."

गुणवंतानं पेल्याला हात लावला नाही. विचारलं, कधीपासून? लक्ष्मणराव त्याच्या ओठांकडं बघत राहिले आणि मगरीची गोष्ट सांगू लागले.

त्याला दुसरं काही सुचेना, म्हणून त्यानं आईचं टोपडं काढलं आणि कॉम्प्युटर लावला. वाटलं असेल, अजून थोडंफार येत असेल ऐकू, आवाज वाढवून बघू. पान आलं. पांढऱ्या पडद्यावर त्याचीच सुबक अक्षरं: आपला ब्राउझर जुना आहे.

तो बराच वेळ ते वाचत राहिला. एवढं लहानसं वाक्य, पण त्याला संपवता येईना. मग वळून बापाकडं पाहिलं, पडद्याकडं बोट केलं, आणि तोंडानं शब्द केला: ऐकलं होतं ना?

लक्ष्मणरावांनी तांदळातला खडा काढून बाजूला ठेवला. मान हलवली. नाही.

"भैयालाल म्हणे नाव बदलू," ते म्हणाले, आपला आवाज किती मोठा झालाय हे त्यांना कळत नव्हतं, बाहेर गल्लीत जात होता. "मी म्हटलं, नाही. पोरगं उघडेल दार. आपल्या नावानं जाऊ."

गुणवंतानं आपला लॅपटॉप काढला. दारात नाव विचारणाऱ्या त्या ओळी तिथं बसून पुसून टाकल्या. वेळ काहीच लागला नाही, तेवढ्यात तांदळाची मूठही निवडून झाली नसती. मग म्हाताऱ्या कॉम्प्युटरवर पान पुन्हा उघडलं. तो म्हणाला होता तसंच झालं. अक्षरांचे चौकोन झाले, नाव एका कोपऱ्यात गेलं, भीमाबाईंचा फोटो कपाळापर्यंत आला आणि तिथंच थांबला. पण खाली कुठंतरी एक बटण होतं, आणि ते दाबल्यावर जात्याची घरघर सुरू झाली, आणि त्या घरघरीतून आवाज वर आला, होता तेवढाच मोठा. टेबल हादरलं.

लक्ष्मणरावांनी मुलाचा चेहरा पाहिला. "सुरू झालं का रे?" त्यांनी विचारलं.

गुणवंतानं मान डोलावली. लक्ष्मणरावांनी हात लांब करून स्पीकरवर तळवा ठेवला. आत काहीतरी थरथरत होतं, मुठीत धरलेल्या पाखरासारखं. ते जात्याचं का तिचं, हे हाताला ओळखता येत नव्हतं.

समोरच्या घरातून कुसुमबाई आल्या, पिठाचे हात तसेच घेऊन. उंबऱ्यात त्या थबकल्या. त्यांना आपला स्वतःचाही आवाज ऐकू येत होता, तरणा, भीमाबाईंच्या मागोमाग ओवी झेलणारा. त्या चौकटीला धरून खाली बसल्या, आणि त्यांचे ओठ हलायला लागले. आवाज फुटत नव्हता, नुसते ओठ. पण ओवी चुकत नव्हती.

लक्ष्मणरावांना ते दिसलं. त्यांनी हाताला लागलेला चष्मा डोळ्यांवर चढवला, चटईवरून सरकत सरकत उंबऱ्याशी गेले आणि कुसुमबाईंच्या तोंडासमोर बसले, जवळ, लहान पोरं बसतात तसे. त्या ओठांवरून ते एक एक शब्द उचलू लागले. ही पहिली ओवी. ही नागपूरची. ही पाटी लावली त्या दिवशीची. मधेच कुसुमबाईंचे ओठ थांबले, हुंदका आला. लक्ष्मणरावांनी मुलाकडं वळून पाहिलं.

"पाणी दे त्यांना," ते म्हणाले. "थांबवू नको. पाणी दे."

गुणवंत उठला, रांजणावरची झाकणी काढली आणि पेला भरला. मागं त्याची आई गात होती.